रविवारी संध्याकाळी कोण असतं?

अमेरिकेतल्या नर्सिंग होमची तपासणी कधी होणार हे कुणी आधी फोडलं, तर त्याला दंड होतो. कायद्यातच तशी तरतूद आहे. ही नर्सिंग होम्स म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या, हाड मोडून आलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या संस्था. राज्य सरकारचं पथक तिथे साधारण वर्षातून एकदा येऊन थडकतं, काही वेळा मुद्दाम पहाटे, नाहीतर शनिवार-रविवारी. पथकप्रमुख व्यवस्थापकांशी बोलत असतो, तोवर एक तपासनीस थेट स्वयंपाकघरात शिरलेला असतो आणि बाकीचे रहिवाशांच्या खोल्या गाठतात. झाकपाक करायला सवडच मिळू नये, हा हेतू.

रहिवाशांनाच विचारायचं, ही आज साधी वाटणारी गोष्ट झगडून मिळवावी लागली आहे.

पंधरा शहरांतली उत्तरं

१९८० च्या दशकापर्यंत तपासणीचा भर कागदांवर होता: नियमावल्या, नोंदवह्या, इमारतीची मापं. एल्मा होल्डर या कार्यकर्तीने १९७५ मध्ये नर्सिंग होम सुधारणेसाठी राष्ट्रीय संघटना उभी केली. या संघटनेने १९८५ मध्ये १५ शहरांतल्या साडेचारशेहून अधिक रहिवाशांना विचारलं, चांगली शुश्रूषा म्हणजे तुमच्या मते काय? सगळ्यात जास्त लोक बोलले ते कर्मचाऱ्यांविषयी. ते मायेनं वागतात का, हाक मारली तर येतात का. १९८७ मध्ये नर्सिंग होम सुधारणा कायदा झाला. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी म्हाताऱ्यांना खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवण्याला त्याने मनाई केली आणि तपासनिसांनी रहिवाशांशी बोलणं हा तपासणीचा गाभा ठरवला.

ताऱ्यांच्या मागे

डिसेंबर २००८ पासून केंद्र सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देऊ लागलं. घाईगर्दीत निर्णय घेणाऱ्या कुटुंबांना मोठा आधार झाला. पण कर्मचारी किती, हा आकडा संस्था स्वतःच भरून देत, आणि तोही तपासणीच्या सुमाराच्या दोन आठवड्यांपुरता.

२०१८ मध्ये या ताऱ्यांसाठी पगारपत्रकांवरचे रोजचे आकडे वापरायला सुरुवात झाली. कायझर हेल्थ न्यूजच्या पत्रकारांनी ते पिंजून काढले, तेव्हा दहापैकी सात संस्थांचं मनुष्यबळ जुन्या आकड्यांपेक्षा कमी निघालं. शनिवार-रविवारी तर नर्सेस सरासरी ११ टक्क्यांनी आणि मदतनीस ८ टक्क्यांनी घटत होते. आजी-आजोबांना रविवारीही तहान लागते, रविवारीही कूस बदलावी लागते. २०२२ पासून शनिवार-रविवारचं मनुष्यबळ आणि कर्मचारी किती वेगाने सोडून जातात, या दोन्ही गोष्टी ताऱ्यांमध्ये धरल्या जातात.

म्हातारपणी अचानक स्किझोफ्रेनिया

स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घाबरतात, ओरडतात, रात्री फिरतात. त्यांना गप्प करायला मनोविकारावरची जड औषधं देणं ही जुनी खोड. अशा रुग्णांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. ही औषधं किती जणांना देता, हे सरकार मोजू लागलं, पण स्किझोफ्रेनिया असलेल्यांना त्या मोजणीतून वगळलं होतं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की नर्सिंग होममध्ये नऊपैकी एका रहिवाशाच्या कागदावर स्किझोफ्रेनियाची नोंद आहे. एरवी समाजात हे प्रमाण दीडशेत एक. तरुणपणी सुरू होणारा हा आजार ऐंशीव्या वर्षी कुठून येतो? २०२३ मध्ये सरकारने या नोंदींची फेरतपासणी जाहीर केली. खोटी नोंद सापडली की तारे कापले जातात.

पक्षी आले, पिंजरे नाहीत

आता एक आनंदाचा किस्सा. तो सांगितला आहे शल्यविशारद आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांनी. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. न्यू बर्लिन या न्यूयॉर्क राज्यातल्या गावात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, बिल थॉमस या तरुण डॉक्टरने चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर छोटे पोपट आणायचं ठरवलं. पोपट एकाच दिवशी येऊन पोचले, पिंजऱ्यांचा मात्र पत्ता नाही. शेवटी पोपट तळमजल्यावरच्या केशकर्तनाच्या खोलीत सोडून दार लावून घेतलं. पिंजरे नंतर आले तेही सुटे, जोडायचे बाकी. डॉक्टर आणि कर्मचारी पिंजरे जोडत, पोपटांमागे धावत सुटले, आणि आजी-आजोबा काचेबाहेर उभे राहून पोट धरून हसले. पुढे अबोल झालेली माणसं बोलू लागली आणि औषधांचं प्रमाण शेजारच्या एका नर्सिंग होमच्या मानाने निम्म्यावर आलं.

दार उघडण्याआधी

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या पिढीवर आज अशा संस्थेत राहण्याची वेळ आली आहे. त्यांच्या मुलांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारचे तारे नर्सिंग होमला असतात. ‘मेमरी केअर’, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचं निवासस्थान, बहुधा राज्याच्या परवान्यावर चालतं, म्हणून त्याचे तपासणी अहवाल राज्याच्या परवाना खात्याकडून मागवावे लागतात. स्मृती गेली की कित्येकदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते. तेव्हा आईने मराठीत पाणी मागितलं तर ते कुणाला कळेल, हे विचारायलाच हवं.

शेवटचा तपासणी अहवाल मागा. नर्सिंग होमला तो दर्शनी जागी ठेवावाच लागतो. रविवारी जेवणाच्या वेळी, न सांगता जा. औषधांची यादी पाहा आणि प्रत्येक औषध कशासाठी, ते विचारा. शंका आली तर राज्याच्या ऑम्बुड्समनला, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. ही सेवा मोफत आहे. यातला एकेक हक्क म्हाताऱ्या माणसांनी आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांनी मिळवून ठेवला आहे. संकोच न करता तो बजावणं, हीच आपल्या आईवडिलांची सेवा आहे.