द्रावक बदलला की साखळी बदलते

भिंतीचा रंग, चपलेचा डिंक, गाडीवरचा चकचकीत मुलामा. या सगळ्यांत असतात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, म्हणजे पॉलिमर. साखळीतली एकेक कडी म्हणजे मोनोमर. दोन प्रकारच्या कड्या एकाच साखळीत ओवल्या की झाला कोपॉलिमर. गेली कित्येक वर्षे मी महाविद्यालयात हा विषय शिकवते. मुलांना त्यात सगळ्यात बिनमहत्त्वाचा वाटतो तो द्रावक. कन्नडमध्येही तो द्रावकच, त्यामुळे शब्द दोन्ही भाषांच्या मुलांच्या ओळखीचा. पण त्याचे काम मात्र अनोळखी!

ही साखळी तयार कशी होते? बेन्झॉइल पेरॉक्साइडसारखे रसायन तापवले की ते फुटते आणि मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, तयार होतात. त्यांच्याकडे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असतो. हा अस्वस्थ मूलक व्हायनिल मोनोमरचा दुहेरी बंध उघडून त्याला जोडला जातो. मग नवे टोक अस्वस्थ होते आणि पुढची कडी पकडते.

पुढची कडी कोणती? १९४४ साली मेयो आणि लुईस यांनी याचे गणित मांडले. स्टायरीन आणि मिथाइल मेथाक्रिलेट या जोडीत दोघांचाही आकडा साधारण ०.५ येतो. म्हणजे प्रत्येक टोक स्वतःच्या जातीच्या कडीपेक्षा दुसऱ्या जातीच्या कडीला सुमारे दुप्पट वेगाने जोडून घेते.

आपल्या घरातले मूल आजीशी मराठीत बोलता बोलता दारात भाजीवाली आली की 'एष्टु?' विचारते. पुढचा शब्द कोणत्या भाषेतला, हे त्याच्या सवयीवर ठरते, तसेच भोवती कोण उभे आहे यावरही ठरते. द्रावक म्हणजे ती भोवतालची माणसे.

स्टायरीनसारख्या साध्या मोनोमरवर द्रावकाचा परिणाम थोडाच होतो. पण मेथाक्रिलिक आम्ल किंवा अक्रिलामाइड घ्या. टोल्विनमध्ये आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये तेच रेणू द्रावकाचा हात धरतात. हात गुंतला की जोडले जाण्याची ओढ बदलते आणि साखळीतले कड्यांचे प्रमाणही बदलते.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाचे हारवुड यांनी एक वेगळाच विचार मांडला. द्रावक वेगळे असूनही, दोन कोपॉलिमरांत कड्यांचे एकूण प्रमाण सारखे असेल तर त्यांची मांडणीही सारखी निघते, असे त्यांना दिसले. त्यांचा अर्थ असा : टोकाची ओढ तीच राहते, बदलते ते टोकाभोवती जमणाऱ्या मोनोमरांचे प्रमाण. शिवाय ही गर्दी कोणाची असावी, हे वाढणारी साखळी स्वतःच ठरवते. याला 'बूटस्ट्रॅप परिणाम' म्हणतात. सगळीकडे हाच खुलासा लागू पडत नाही. काही ठिकाणी द्रावकाची ध्रुवीयता, तर काही ठिकाणी मूलक आणि द्रावक यांची तात्पुरती जोडी जास्त पटते.

माझा एक जुना विद्यार्थी रेझिनच्या कारखान्यात आहे. कामगारांना वासाचा त्रास होतो म्हणून त्यांनी झायलीन काढून त्या जागी एस्टर वापरायचे ठरवले. त्याचा फोन आला, "मॅडम, फक्त द्रावक बदलतोय. बाकी कृती तीच ठेवू ना?" मी म्हटले, "अरे, तुझ्या कृतीत आम्ल आहे ना? आधी लहान घाण काढ. साखळीत आम्ल किती गेले ते मोज, साखळीची लांबी बघ, तापमानावर नजर ठेव." कारण द्रावक उष्णताही वाहून नेतो. तो कमी पडला, मिश्रण घट्ट झाले, की अभिक्रिया भडकू शकते. काही द्रावक तर टोकाला स्वतःचा अणू देऊन साखळी मध्येच थांबवतात. कार्बन टेट्राक्लोराइड त्यासाठी प्रसिद्धच आहे.

कामगाराच्या फुप्फुसासाठी द्रावक बदलायलाच हवा. पण नव्या द्रावकातला रंग पहिल्या पावसात सोलून निघाला, तर मालक पुन्हा जुन्याच पिंपाकडे वळेल. म्हणून ही मोजमापे आधी व्हायला हवीत. तुमच्या घरातले कोणी बी.एस्सी., एम.एस्सी.ला असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा : पुस्तकातला आकडा वहीत उतरवताना तो कोणत्या द्रावकातला, हेही शेजारी लिहून ठेव.