गिटार ‘ई’मध्ये, माउथ ऑर्गन ‘ए’चा

मित्र गिटारवर ‘ई’मध्ये ब्लूज वाजवतो, मग त्याच्या साथीला दुकानदार ‘ए’चा माउथ ऑर्गन का देतो, असं एका वाचकानं विचारलं आहे. दुकानदार जाणकार दिसतो!

दहा होलांचा ‘सी’ घ्या. कुठल्याही होलात फुंकलं तरी सा-ग-पपैकीच सूर येतो. सरळ चालीच्या गाण्याला तेवढं पुरतं. त्यासाठी माउथ ऑर्गन गाण्याच्याच पट्टीचा घ्यावा. पण पहिल्या चार होलांतून श्वास ओढला की रे-प-नी-रे, म्हणजे ‘जी’ची मेजर कॉर्ड वाजते. म्हणून ‘जी’मधल्या ब्लूजला वादक ‘सी’ काढतात. ही चक्क मूर्च्छना आहे: बिलावलच्या पंचमाला षड्ज केलं की कोमल निषाद आपसूक येतो, खमाज थाट तयार! हिशेब एवढाच, की गाण्याच्या पट्टीचा जो मध्यम, त्या पट्टीचा माउथ ऑर्गन. ‘ई’ला ‘ए’, ‘ए’ला ‘डी’. बारा पट्ट्यांचे महागडे संच विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. गिटारवाल्यांच्या मैफलीत ए, सी आणि डी या तिघांवर बराच काळ निभतं.

खरी गंमत बेंडची, म्हणजे सूर वाकवून खाली उतरवण्याची. ‘सी’च्या तिसऱ्या होलात फुंकल्यावर ‘जी’, ओढल्यावर ‘बी’; दोन्हींची धातूची पत्ती वेगळी. ओढताना जीभ मागे घेतली की ‘बी’ घसरत थेट ‘ए फ्लॅट’पर्यंत उतरतो आणि वाटेत ‘जी’चा कोमल गंधार भेटतो. ओढायची पत्ती एवढी खाली जाते कशी? पिट्सबर्गच्या हेन्री बानसन यांनी सहकाऱ्यांसह यावर 1998 मध्ये ध्वनिशास्त्राच्या अमेरिकी नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. बानसन हृदयशल्यविशारद, सहलेखक जेम्स अँटाकी कृत्रिम हृदयाच्या पंपांवर काम करणारे अभियंते. प्रवाहाच्या दाबावर झडपा कशा उघडमीट करतात, हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उत्तर असं, की सूर जसजसा खाली येतो तसतसं काम त्याच होलातली फुंकण्याची पत्ती अंगावर घेते. एकाच कप्प्यात दोन पत्त्या असल्याशिवाय हे जमत नाही. ब्लूजच्या शिकवण्यांत या सर्जनचं नाव सहसा येत नाही, याची मला चुटपुट आहे.

आता दुकानात सावध राहा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या चोवीस होलांच्या ट्रेमोलोत प्रत्येक पत्तीला स्वतंत्र कप्पा असतो, म्हणून त्यावर असा बेंड जमत नाही. ‘ए’चा ट्रेमोलो घेतलात, तर मित्राच्या ‘ई’ला कोमल निषाद मिळेल, कोमल गंधार मिळणार नाही.