हुमणीचे जैविक नियंत्रण : मेटारायझियम बुरशीची उपयुक्तता व मर्यादा

भुंगेरावर्गीय किडींपैकी उसाचे सर्वाधिक नुकसान करणारी कीड म्हणजे हुमणी होय. निपाणी-चिक्कोडीचा पट्टा, खानापूर, हल्याळ आणि सीमेपलीकडील कोल्हापूर-सांगली या भागांतील ऊस उत्पादकास तिची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ऊस पिवळा पडतो, वाळतो आणि धरून ओढल्यास सहज हातात येतो. कारण खाली मुळेच उरलेली नसतात. अनेक वर्षे यावर दाणेदार फोरेट हा उपाय होता. केंद्र शासनाच्या 2018 च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून फोरेटवर पूर्ण बंदी आली. तेव्हापासून बुरशीयुक्त औषधांची चौकशी वाढणे स्वाभाविक आहे. परंतु ही बुरशी सजीव आहे. तिला फोरेटसारखी पूड समजून वापरले की निराशा पदरी येते.

या भागात हुमणीचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात : माळावरील होलोट्रिकिया सेराटा आणि नदीकाठची ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. माळावरील हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब व बाभळीवर जमतात आणि पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालतात. अळीच्या तीन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेतील अळी लहान व नाजूक असते. तिसऱ्या अवस्थेतील अळी मुळांचा फडशा पाडते. वर्षातून एकच पिढी होते, म्हणजे योग्य वेळ साधण्याची संधीही वर्षातून एकदाच मिळते.

मेटारायझियम ॲनिसोप्ली या बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात. पुरेशी ओल मिळाली की ते रुजतात आणि विकरांच्या साहाय्याने कातडीतील प्रथिने व कायटिन विरघळवून आत शिरतात. म्हणजे अळीने बुरशी खाण्याची गरज नाही, केवळ स्पर्श पुरेसा आहे. शरीरात बुरशीची वाढ होते, विषद्रव्ये तयार होतात आणि अळी मरते. मृत अळी मऊ पडून सडत नाही, ती कडक होते. तिच्यावर प्रथम पांढरी व नंतर हिरवी वाढ दिसते. ही हिरवी पूड म्हणजे नवे बीजाणू होत.

या बुरशीचे नावच एका भुंगेऱ्यावरून आलेले आहे. इल्या मेचनिकॉव्ह यांनी 1879 मध्ये ओडेसा परिसरात गव्हावरील ॲनिसोप्लिया या भुंगेऱ्यावर तिचा अभ्यास केला. पुढे 1908 मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग शेतात ती अपयशी का ठरते? पहिले कारण वेळेचे आहे. ऊस पिवळा पडल्यावर शेतकरी धावपळ करतो, तोवर अळी मोठी झालेली असते आणि बुरशीला अळी मारण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. जून-जुलैमध्ये, लहान अळ्या मुळाशी असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ती ओल्या मातीत सरीत दिली पाहिजे. दुसरे कारण हाताळणीचे. ऊन आणि उष्णता यांनी बीजाणू मरतात. पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेल्या पाकिटात कितपत जीव उरेल, हे सांगावयास नको. बुरशीनाशकासोबत ती मिसळणे म्हणजे विकत घेतलेली बुरशी स्वतःच मारणे होय. त्यातही बुरशी एकटीने सर्व काम करील अशी अपेक्षा रास्त नाही. संध्याकाळी झाडे हलवून भुंगेरे गोळा करणे व उन्हाळी खोल नांगरट यांची जोड आवश्यक आहे.

शेणखताच्या खड्ड्यातील प्रत्येक पांढरी अळी हुमणीच असते असेही नाही. तेथे बहुधा नारळावरील गेंडा भुंग्याच्या अळ्या असतात. त्या कुजका पाला खातात. मेटारायझियम खड्ड्यातच मिसळल्यास त्यांचाही बंदोबस्त होतो.

नवनगरपासून फार दूर नसलेल्या धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात नोमुरिया रिलेयी या बुरशीवर सोयाबीन व भुईमुगावरील पाने खाणाऱ्या अळीच्या संदर्भात बरेच काम झाले आहे. 2014 मधील नव्या वर्गीकरणानुसार तीही मेटारायझियम कुळातच समाविष्ट झाली.

कर्नाटकात एक दक्षता विशेषत्वाने घ्यावी लागते. भुंगेऱ्यांवर वापरली जाणारी दुसरी बुरशी ब्युव्हेरिया बॅसियाना हीच रेशीमकिड्यांच्या पांढऱ्या मस्कार्डिन रोगाचे कारण आहे. इटलीतील आगोस्तिनो बासी यांनी 1835 मध्ये ते दाखवून दिले. तुतीच्या मळ्याजवळ तिची फवारणी म्हणजे शेजाऱ्याचे रेशीम बुडविणे. मेटारायझियमदेखील रेशीमकिड्यांस पूर्णतः निर्धोक नाही.

वर्गात हा विषय शिकविताना शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शेतात मेलेल्या अळ्या आणावयास सांगता येईल. अळी ओल्या टीपकागदावर झाकणाच्या काचपात्रात सावलीत ठेवावी. हिरवी वाढ आली तर मेटारायझियमची शक्यता मोठी. अळी काळी पडून दुर्गंधी सुटली तर मरणाचे कारण बहुधा वेगळे असते. पात्र उघडताना पंखा बंद ठेवावा व नाका-तोंडाला रुमाल बांधावा.