तीन रमजान, एक संघ

रमजान कधी एकाच ऋतूत मुक्काम करत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे हा महिना दरवर्षी तेवढे दिवस अलीकडे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. थंडीतले रोजे लहान, उन्हाळ्यातले लांब आणि घसा कोरडा पाडणारे. या फेरीत ऑलिम्पिकशी त्याची गाठ क्वचितच पडते. स्वातंत्र्यानंतर उन्हाळी ऑलिम्पिक ऐन रमजानमध्ये आले ते तीनदाच : १९४८ साली लंडनला, १९८० साली मॉस्कोला आणि २०१२ साली पुन्हा लंडनला. तिन्ही वेळा भारताचा हॉकी संघ तिथे होता.

प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत धर्मानेच दिली आहे. त्यामुळे कोणत्या खेळाडूने रोजा ठेवला आणि कोणी नंतर भरून काढला, हा ज्याच्या त्याच्या आणि अल्लाहच्या मधला मामला. आपण त्या संघाकडे पाहू.

२९ जुलै १९४८ रोजी वेम्बलीच्या मैदानावर उद्घाटनाचे संचलन झाले. रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू होते. स्वतंत्र भारताचा तिरंगा प्रथमच ऑलिम्पिकमध्ये निघाला होता. तो हाती धरून पुढे चालत होते फुटबॉल संघाचे कर्णधार, नागा टेकड्यांतले डॉक्टर तालिमेरेन आओ. त्याच पथकात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव होते. त्या वर्षी ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. दोनच दिवसांनी फुटबॉल संघ फ्रान्सविरुद्ध उतरला. बहुतेकांच्या पायात बूट नव्हते. आघाडीला बंगळुरूचे अहमद खान खेळत होते. भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि सामना १-२ असा हातचा गेला.

खरी आशा होती ती हॉकीवर. पण देशाची फाळणी होऊन वर्षही झाले नव्हते आणि फाळणीने हॉकीचेही दोन तुकडे केले होते. पंजाबचे अनेक चांगले खेळाडू पलीकडे गेले होते, तर लाहोरमध्ये जन्मलेले केशव दत्त आणि लायलपूरचे ग्रहनंदन सिंग अलीकडे होते. अशा वेळी किशनलाल यांच्या नेतृत्वाखाली वीस जणांचा संघ उभा राहिला. त्याची यादी आजही वाचावी अशी आहे. बलबीर सिंग, त्रिलोचन सिंग, रणधीर सिंग जेंटल, कुंवर दिग्विजय सिंग ‘बाबू’. मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेले लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ. अँग्लो-इंडियन लेस्ली क्लॉडियस आणि पॅट जॅन्सन. आणि भोपाळच्या हॉकीत वाढलेले दोघे : अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान.

भारताने ऑस्ट्रियाला ८-०, अर्जेंटिनाला ९-१ आणि स्पेनला २-० असे हरवले. उपांत्य फेरीत हॉलंडवर २-१ असा विजय मिळवला. १२ ऑगस्टला अंतिम सामन्यात समोर होता ब्रिटन. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये, भारत त्यांच्या राज्यात असताना, ब्रिटनने हॉकीत संघ उतरवलाच नव्हता. आता सामना टाळण्याची सोय उरली नव्हती. मैदान ओले आणि जड होते. भारत ४-० असा जिंकला. बलबीर सिंग यांचे दोन गोल, जॅन्सन आणि त्रिलोचन यांचा एकेक. ईद होऊन आठवडाही झाला नव्हता आणि स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते.

त्याच स्पर्धेत पाकिस्तानचाही संघ होता. त्याचे कर्णधार अली इक्तिदार शाह दारा बारा वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या बरोबरीने भारताकडून सुवर्णपदक जिंकलेले. त्या संघात मिल्टन डिमेलो हे नावही दिसते. म्हणजे गोव्याकडची आडनावे दोन्ही संघांत होती. उपांत्य फेरीत ब्रिटनने पाकिस्तानला हरवले आणि तो संघ चौथा आला. ते जिंकले असते, तर पहिला भारत-पाकिस्तान अंतिम सामना तिथेच झाला असता.

तो झाला आठ वर्षांनी, १९५६ साली मेलबर्नला. भारताच्या संघात १९४८ चे बलबीर, क्लॉडियस, जेंटल आणि फ्रान्सिस होते. पाकिस्तानच्या संघात होते अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान. मधल्या काळात दोघेही पलीकडे गेले होते. भारत १-० असा जिंकला आणि तो एकमेव गोल होता जेंटल यांचा. लंडनला ज्यांच्यासोबत सुवर्ण मिळवले, त्यांच्याच संघावर केलेला. अख्तर आणि लतीफ यांच्या नावावर आज दोन पदके आहेत : एक सुवर्ण भारताचे, एक रौप्य पाकिस्तानचे.

ही गोष्ट ऐकली की काहींच्या मनात पटकन हिशेब सुरू होतो. गेले ते आपले नव्हतेच, असा. पण ऑलिम्पिकच्या नोंदीत असा हिशेब नाही. १९४८ च्या भारतीय सुवर्ण संघात ती दोन नावे होती आणि आहेत. पुढे जे घडले त्याने आधीचे पुसले जात नाही. आपल्याकडच्या किती तरी मुस्लिम घरांत कराचीला गेलेला एखादा चुलत आजोबा आणि इथेच राहिलेला त्याचा सख्खा भाऊ असतो. दोघांच्या निर्णयांची कारणे वेगळी होती. जाणाऱ्याचा जाब राहिलेल्याच्या नातवाला विचारण्यात अर्थ नाही.

तरी तो विचारला जातो. भारत-पाकिस्तान सामना आला की चहाच्या टपरीवर कोणी तरी हसत हसत म्हणतो, “काय मियाँ, आज कोणाच्या बाजूने?” विचारणारा बहुतेक वेळा मित्रच असतो, मनात वाईटही काही नसते. पण हा प्रश्न शेजारी बसलेल्या सुरेशला किंवा जोसेफला कोणी विचारत नाही, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते.

याचे उत्तर भाषणाने देण्याची गरज नाही. १९८० चे मॉस्को आठवले तरी पुरे. तेव्हाही रमजान होता. २९ जुलैचा अंतिम सामना, समोर स्पेन. भारत ३-० असा पुढे होता, पण स्पेनने दोन गोल फेडले आणि आघाडी एकावर आली. त्या वेळी चौथा गोल केला बनारसच्या वीस वर्षांच्या मोहम्मद शाहिद याने. स्पेनने आणखी एक गोल केला, पण सामना ४-३ असा भारताचा झाला. शाहिदचा गोल नसता तर बरोबरी होती. त्याच संघात अलिगढचे जफर इक्बाल होते. चार वर्षांनी लॉस एंजलिसला ते संघाचे कर्णधार झाले आणि तिरंगाही त्यांच्याच हाती होता. मॉस्कोला पाकिस्तानसह अनेक बलाढ्य संघांनी बहिष्कार घातला होता, हे खरे. पण हॉकीतले भारताचे ते आठवे आणि आजवरचे शेवटचे सुवर्ण.

तिसरा रमजान २०१२ चा. पुन्हा लंडन. ज्या शहरात १९४८ साली सुवर्ण मिळाले, तिथे या वेळी आपला संघ एकही सामना जिंकू शकला नाही आणि बारा संघांत बारावा आला. संघ आपला असतो तो काही फक्त पदकाच्या दिवशी नाही. हरलेल्या दिवशीही त्याला आपला म्हणता आले पाहिजे, आणि त्यातल्या प्रत्येकाला सारखेच.

कॅलेंडरच्या हिशेबाने रमजान आणि उन्हाळी ऑलिम्पिक यांची पुढची गाठ २०४४ च्या सुमारास पडेल. त्या संघात जी मुले असतील, त्यांतली काही आज पाळण्यात असतील, काही अजून जन्मायची असतील. कोणाचे नाव बलबीर असेल, कोणाचे लेस्ली, कोणाचे लतीफ. प्रशिक्षक यादी वाचून दाखवील तेव्हा त्यांना एवढेच विचारले जावे : तू कुठे खेळतोस, आघाडीला की बचावाला?