बचत दाखवण्याचे दिवस

मिहानमधल्या एका संगणक कंपनीत नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याला मार्च महिन्यात, वडीलकीच्या जुन्या सवयीने, यंदा शिल्लक किती टाकलीस म्हणून मी विचारले, तेव्हा मोबाईलवरची नजर न काढता तो म्हणाला, ‘काका, आता बचत दाखवावी लागत नाही ना. नवीन रिजीम आहे.’ उत्तर बिनतोड होते. २०२३ च्या अर्थसंकल्पाने नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली ठरवली आणि जुनी ज्याला हवी असेल त्याने तसे मुद्दाम कळवावे असा दंडक घातला. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत, या नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागणार नाही असे जाहीर झाले, आणि ८०सी कलमाच्या आश्रयाने नांदणारे विमा, भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय बचतपत्र वगैरे सारे गणगोत नोकरदाराच्या लेखी बिनकामाचे ठरले. करमाफीबद्दल माझी तक्रार नाही. सारी हयात सरकारी लेखा शाखेत गेली असली तरी कर भरण्याची हौस मला कधीच नव्हती. पण त्या उत्तराने मला जे लागले ते वेगळे आहे. काटकसर हा माणसाचा जन्मजात सद्गुण आहे असे आपण मानत आलो. वास्तविक, निदान या नागपुरात तरी, ती एक व्यवस्था होती, अनेकांनी मिळून उभारलेली आणि बव्हंशी सक्तीची, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत मोडीत निघाली.

या व्यवस्थेची सुरुवात फार मागची आहे, म्हणून ती धावतीच सांगतो. जमशेटजी टाटांनी रेल्वे स्थानकाजवळची दलदलीची जागा भरून घेऊन १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, त्या आधी भांडवल मागण्यासाठी ते एका मारवाडी पेढीवाल्याकडे गेले असता, जमिनीत माती घालण्यासाठी मी पैसा देणार नाही, असे त्याने साफ सांगितले. पुढे मिलचा लाभांश पाहिल्यावर, टाटांनी माती घातली आणि सोने काढले, असे त्यालाच कबूल करावे लागले. दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचा नागपूरला मिळालेला हा पहिला जाहीर धडा होय. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती १८८६ ची गोष्ट. त्या साली याच मिलने कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. म्हणजे म्हातारपणाची तरतूद कामगाराच्या मर्जीवर न सोडता मालकाने ती हिशेबाच्या वहीतच बसवली. ऋणाच्या बाजूलाही बंधने होतीच. व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये हा दामदुपटीचा दंडक आपल्या धर्मशास्त्राने घालून दिलेला. आणि मंदीच्या वर्षांत शेतमालाचे भाव कोसळून कुळे सावकाराच्या दारात उभी राहिली, तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या सरकारने १९३३ साली ऋणसमझोत्याचा कायदा करून धनको आणि ऋणको यांना एका मंडळासमोर बसवले. सावकार काही त्यामुळे संत झाला नाही, पण आपल्यावर कुणाचा तरी अंमल आहे, एवढे त्याला कळले.

त्यानंतरचा मोठा काळ, संयुक्त महाराष्ट्रात आल्यापासून १९८५ पर्यंतचा, या विषयापुरता तरी मला कंटाळवाणा वाटतो. महागाई वाढे, मागाहून महागाई भत्ता वाढे. ज्याच्याकडे चार पैसे उरत तो इतवारीच्या सराफ्यात जाई, आणि ज्याच्याकडे उरत नसत तो तेच दागिने घेऊन पुन्हा तेथेच गहाण टाकायला जाई. लक्षात ठेवण्याजोगे दशक ते पुढचे, १९९२ ते २००२ चे. त्याच दशकात माझा संसार उभा राहिला, आणि त्याच दशकाने माझ्या पिढीला बचत शिकवली आणि लोभही शिकवला.

बचत शिकवणारी व्यक्ती आमच्या महाल भागातल्या वाड्यात दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, भर दुपारी येई. शासनाने १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना काढली, तिच्याखाली पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे घरोघर जाऊन गोळा करणाऱ्या बायकांपैकी ती एक होती. रेक्झिनची पिशवी, तीत रबराने बांधलेली कार्डे, पदराच्या टोकाला बांधलेली सुटी नाणी. ओट्यावर टेकून पाणी पिऊन झाले की ती म्हणे, ‘वहिनी, पंधराच्या आत भरा लागते जी, नाही तं दंड बसते.’ दंड शंभराला रुपयाच असे, पण त्या रुपयाच्या धाकाने आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडांनी पाच-पाच वर्षांची खाती निभावून नेली. कोणाकडे या महिन्यात पाहुणे आले, कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाचा नवरा पगार वाटेतच संपवून येतो, हे सारे तिला ठाऊक असे, आणि प्रसंगी एखादीचा हप्ता ती पदरमोड करून भरी. शासन तिला त्याबद्दल शेकडा चार रुपये दलाली देई. अर्थसाक्षरता हा शब्द तेव्हा निघाला नव्हता; चार टक्क्यांत ती दारापर्यंत येत होती.

पोस्टाबाहेर या व्यवस्थेचे दोन खांब होते. पहिला सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, ज्यावर १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत बारा टक्के व्याज मिळत असे. दर एप्रिलच्या आरंभी बारा हजार भरणाऱ्याच्या हाती, तोच दर टिकला असता तर, पंधरा वर्षांनी पाच लाख पडले असते, आजच्या ७.१ टक्क्यांनी तीच रक्कम सव्वातीन लाखांवर थांबते. त्या दशकाच्या पूर्वार्धात महागाईही दहा टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा ते बारा टक्के वाटतात तेवढे गोड नव्हते, हे लेखा शाखेतल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण ज्याला बाजाराची माहिती नाही आणि धोका पत्करण्याची छाती नाही अशा शिपायालाही चक्रवाढीचे फळ चाखता येत होते, हा त्यातला खरा अर्थ. १९८८ साली निघालेले किसान विकास पत्र तर साडेपाच वर्षांत दामदुप्पट होई, आणि मुलीचे लग्न कधी करायचे याचा हिशेब लोक त्या मुदतीवरून करीत.

दुसरा खांब कचेरीतली पगारदारांची पतसंस्था. तिची वर्गणी पगारातून परस्पर कापली जाई, त्यामुळे तो पैसा आपला आहे हेच आम्ही विसरून जात असू. कर्ज काढायचे तर दोन जामीनदार हवेत, आणि जामीनदार म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. अर्जावर सही करण्यापूर्वी तो चष्म्यावरून बघून विचारी, ‘कशाला पाहिजे जी पन्नास हजार?’ त्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नसे तो अर्ज मागे घेई. ऋणकोने हप्ता थकवला तर जामीनदाराच्या पगारातून कपात होई, आणि मग दोन बिऱ्हाडांचे बोलणे बंद पडे. ही जाचक पद्धत होती, तिने कित्येकांचा पाणउतारा केला, याची मला जाणीव आहे. पण चैनीसाठी कर्ज काढणे ही चार माणसांत सांगण्याची गोष्ट नाही, एवढी मर्यादा तिने सांभाळली होती.

आता लोभाचे. १९९२ च्या एप्रिलात हर्षद मेहताचे प्रकरण बाहेर आले, त्याच्या आधीच्या वर्षभरात सीताबर्डीवरच्या चहाच्या टपरीवर सिमेंटच्या शेअरचा भाव सांगणारे पंडित निर्माण झाले होते, आणि पोस्टात पैसे टाकणाऱ्या आमच्यासारख्यांची त्यांनी यथेच्छ टवाळी केली. त्यांच्यापैकी काही जण मे महिन्यापासून रस्ता बदलून जाऊ लागले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग उरलेला नाही. राग आहे तो त्यांच्या मागून आलेल्या सागवान कंपन्यांवर. एका रोपाला काही हजार द्या, वीस वर्षांनी लाखो घ्या, अशा जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरून गेली. आलापल्लीचे सागवान ज्या विदर्भाच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे, लाकूड पक्व व्हायला किती काळ लागतो हे जेथल्या वखारीतला पोरही सांगू शकतो, त्या विदर्भातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी या कागदी झाडांवर भविष्यनिर्वाह निधीतून उचललेला पैसा लावला! सेबीने या योजनांसाठी नियमावली केली ती १९९९ साली. तोवर बऱ्याच कंपन्यांच्या कचेऱ्यांना कुलपे लागली होती.

लोभाचा निदान जाब तरी विचारता येतो. विश्वासाचा घात झाला तेव्हा जाब कोणाला विचारायचा, हेच कळेना. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही योजना १९६४ पासून चालत आलेली, विधवा आणि पेन्शनर यांनी निःशंक मनाने पैसे ठेवावे अशी. नव्वदीच्या पूर्वार्धात तिने २६ टक्क्यांपर्यंत लाभांश वाटला. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने तिची विक्री आणि पुनर्खरेदी दोन्ही सहा महिन्यांसाठी थांबवल्याची बातमी आली, तेव्हा सरकारी मोहोर म्हणजे हमी, ही माझ्या पिढीची समजूत एका सकाळी पुसली गेली. पाठोपाठ २००२ च्या उन्हाळ्यात नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा घोटाळा उजेडात आला. सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी बँकेने होम ट्रेड आणि इतर दलाल कंपन्यांना सुमारे दीडशे कोटी रुपये दिले. ना रोखे आले, ना रक्कम. हीच ती होम ट्रेड, जिच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर आणि शाहरूख खान झळकले होते. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना नागपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये, आणि त्या निकालाला त्यांनी वरिष्ठ न्यायालयात आव्हान दिले. गुन्ह्यापासून पहिल्या निकालापर्यंत एकवीस वर्षे! काटोल-सावनेरकडच्या ज्या ठेवीदाराचा संत्र्याचा पैसा त्या बँकेत होता, त्याच्या बागेतली झाडे तेवढ्या अवधीत म्हातारी होऊन गेली. आणि २००२ सालीच, जणू हे दशक रीतसर बंद करण्यासाठी, एम्प्रेस मिलचा भोंगाही थांबला. त्या जागेवर आज मॉल उभा आहे.

नंतरच्या दोन दशकांत मोडतोडच फार झाली, तिची जंत्री देऊन वाचकाला शिणवत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि तिच्यासाठीचे मोर्चे आम्ही हिवाळी अधिवेशनांत पाहत आलो. २०११ च्या डिसेंबरात सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवरची दलाली शासनाने बंद केली, म्हणजे तो खपवण्यात कोणाचाच स्वार्थ उरला नाही. आवर्ती ठेवीची दलाली राहिली, पण आमची एजंटबाई थकली आणि तिच्या सुनेने ते काम घेतले नाही. बचतीचे दार असे अरुंद होत गेले, तेव्हा लोक भलत्या दारांनी शिरू लागले. २०१३ आणि २०१४ साली श्रीसूर्या आणि वासनकर या दोन नावांनी गाजलेली गुंतवणुकीची प्रकरणे याच शहरात उघडकीस आली, संचालकांना अटक झाली, आणि ठेवीदारांत डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी अशी मंडळी निघाली.

आणि ऋणाचे दार? ते मात्र सताड उघडे आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज खाते. काही न भरता नुसती पडू दिली तर वीस-एकवीस महिन्यांत ती दुप्पट होते. किसान विकास पत्रातला रुपया दुप्पट व्हायला २०२३ पासून ११५ महिने लागू लागले. या दोन आकड्यांच्या दरम्यान आजच्या मध्यमवर्गाचे सगळे अर्थशास्त्र सामावले आहे. वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारप्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते; २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तो अधिकार आयोगाचा नाही, रिझर्व्ह बँकेचा आहे, असे सांगून तो निर्णय रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. परंतु महालातल्या परवानाधारक सावकाराला महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा मुद्दलापलीकडे व्याज घेऊ देत नाही, आणि काचेच्या इमारतीतल्या सावकाराला दामदुपट माहीतही नाही, ही विषमता १९३३ च्या मध्यप्रांताला लाजवणारी आहे. माझ्या पुतण्याने गेल्या दिवाळीत घेतलेला मोबाईल हप्त्यांवर आहे. ते कर्ज त्याला उभ्या उभ्या मिळाले, आणि कशाला पाहिजे म्हणून विचारणारा शेजारच्या टेबलावर कोणीही नव्हता.

तो अगदीच उधळ्या आहे असे नाही. म्युच्युअल फंडात तो दरमहा काही रक्कम टाकतो, आणि दीर्घकाळ टिकला तर ती माझ्या पोस्टातल्या पुंजीला मागे टाकील, हे गणित मला मान्य आहे. प्रश्न टिकण्याचा आहे. तो हप्ता बोटाच्या एका स्पर्शाने थांबवता येतो, आणि बाजार पडला किंवा गोव्याला जायचे ठरले की तो थांबतो. कार्डाचा हप्ता थांबवता येत नाही. कंपनी त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापते खरी, पण पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे महिन्याला अवघे १,८०० रुपये. ती मर्यादा २०१४ च्या सप्टेंबरात ठरली आणि दशक उलटले तरी जागची हलली नाही.

म्हणून तरुणांना काटकसरीची व्याख्याने झोडणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना, आणि अर्थसाक्षरतेचे सप्ताह साजरे करणाऱ्या शासनालाही, माझे एकच सांगणे आहे. आम्ही शहाणे होतो म्हणून आमच्याकडे शिल्लक राहिली नाही. पगार हातात पडण्यापूर्वीच कोणीतरी तो कापून ठेवत होते आणि कर्ज मागितले की कोणीतरी अडवत होते, म्हणून राहिली. मूळ पर्याय कोणता ठेवावा, याने माणसाचे वर्तन ठरते, हे शासनाला पक्के ठाऊक आहे; करप्रणालीच्या बाबतीत त्याने तेच केले. तसेच पगाराचा एक भाग दीर्घ मुदतीच्या निधीत परस्पर जावा हा मूळ पर्याय करावा, ज्याला तो नको असेल त्याने तसे लेखी कळवावे, आणि कार्डाच्या व्याजाला कोठे तरी मुद्दलाची वेस घालावी. एवढे झाले की उपदेश मी स्वतःहून बंद करीन.