तळ्यांच्या शहरात एक दिवस

इटलीतील व्हेनिस आणि नेदरलँड्समधील आम्स्टरडॅम ही कालव्यांची शहरे म्हणून जगभर ओळखली जातात. तेथे रस्त्याच्या जागी पाणी असते, घराच्या पायरीला होडी लागते आणि पूल ओलांडल्यावाचून शेजाऱ्याकडे जाता येत नाही. प्रवासवर्णनांतून ही चित्रे वाचली की आपल्यालाही तेथे जावेसे वाटते. आपल्या कोल्हापूरला असा कालवा नाही. परंतु पाण्याने घडविलेले शहर पाहावयाचे असेल तर त्यासाठी पासपोर्ट काढण्याचे मुळीच कारण नाही. कोल्हापूर हे मूळचे तळ्यांचे शहर आहे. त्यातील बरीचशी तळी आज आपल्या पायांखाली आहेत, एवढेच.

परगावचे पाहुणे आले की आपण त्यांना अंबाबाई, रंकाळा आणि पन्हाळा दाखवितो, तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घालतो आणि एस. टी. त बसवून देतो. यात गैर काहीच नाही. परंतु एक संपूर्ण दिवस हाताशी असेल तर पाण्याचा माग काढीत हे शहर कसे पाहावे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

घाट आणि ब्रह्मपुरी

सुरुवात पहाटे पंचगंगेच्या घाटावर करावी. वाटेत गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेले धारोष्ण दूध मिळते; ते घेऊनच पुढे व्हावे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा झाली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. शहराच्या वरच्या अंगाला प्रयाग चिखलीला हा संगम आहे. तेथून नदी कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. घाटावरील दगडी पायऱ्या, पात्रातील लहान देवळे आणि दीपमाळा उन्हाळ्यात पूर्ण दिसतात. पावसाळ्यात त्यांतील बहुतेक पाण्याखाली जातात. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्यांनी घाट उजळतो. ज्याला जमेल त्याने आपली भेट त्या दिवशी ठेवावी.

घाटालगतचे उंचवट्याचे ठिकाण म्हणजे ब्रह्मपुरी. जुने कोल्हापूर येथेच होते. १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातील वस्तीचे अवशेष सापडले. याच टेकाडातून निघालेली एक लहानशी कांस्यमूर्ती मोठी बोलकी आहे. ती ग्रीकांच्या पोसायडन या समुद्रदेवाची आहे. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून इतक्या दूर नदीकाठी हा पाहुणा देव आला तो पश्चिमेकडील व्यापाराच्या ओघात. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राशी या गावाचे नाते जुळलेले होते. ही मूर्ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. घाटावरून चालत तेथे जाता येते. सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्यावा.

बुजलेली तळी

येथून पुढचा प्रवास जे दिसत नाही ते पाहण्याचा आहे. अंबाबाईचे दर्शन घेऊन देवळाच्या आवारातील मणिकर्णिका कुंड पाहावे. हे कुंड बुजवून त्यावर बगीचा केलेला होता. कित्येक वर्षे भाविक त्यावरून चालत राहिले. २०२० पासून ते पुन्हा उकरण्याचे काम सुरू झाले आणि मातीखालून दगडी पायऱ्या व भिंती वर आल्या. शहराने बुजविलेले पाणी पुन्हा मोकळे करता येते, याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा दाखला आहे.

देवळापासून जवळच कपिलतीर्थ मंडई आहे. आपण तेथे मेथीच्या पेंढीचा भाव करतो. परंतु मंडईच्या नावात ‘तीर्थ’ का, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. येथे कपिलतीर्थ नावाचे तळे होते. ग्रामदैवत मानला गेलेला कपिलेश्वर अजून तेथेच आहे; फक्त त्याच्यासमोरचे पाणी गेले आणि भाजीचे गाळे आले.

मंगळवार पेठेकडे वळले की शाहू स्टेडियम लागते. पेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने येथे किती ईर्षेने होतात, हे कोल्हापूरकराला सांगावयास नको. या मैदानाच्या जागी रावणेश्वराचे तळे होते आणि रावणेश्वराचे देऊळ आजही शेजारी आहे. शिवाजी पेठेतील गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. वरुण हा पाण्याचा देव. त्याने आपला हक्क अजून सोडलेला दिसत नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाचे तळे होते आणि वर्तमानपत्रांत दरवर्षी त्याचे छायाचित्र येते. तेथील पाणी का हटत नाही म्हणून आपण चिडतो. परंतु ती जागा खोलगट होती म्हणूनच तेथे तळे होते. वर माती टाकली तरी आजूबाजूचा उतार काही बदलला नाही.

पद्माळा, सिद्धाळा, फिरंगाई, मस्कुती ही नावेही अशीच तळ्यांची आहेत. कोठे उद्यान झाले, कोठे वस्ती झाली. नाव तेवढे उरले. व्हेनिसमध्येही काही कालवे बुजवून त्यांचे रस्ते झाले. अशा रस्त्यांना तेथे ‘रिओ तेरा’ म्हणतात. त्याचा अर्थच मुळी मातीने भरलेला ओढा. नावावरून जमिनीखालचा इतिहास ओळखण्याची ही रीत आपल्याकडेही चालते. ‘तीर्थ’ किंवा ‘आळा’ असा शेवट कानावर पडला की थोडे थांबावे.

नळ आले, तळी गेली

इतकी तळी का बुजविली, हा प्रश्न येथे साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर मिळण्यासाठी मंगळवार पेठेतीलच ‘पाण्याचा खजिना’ या ठिकाणी जावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत शहराच्या दक्षिणेस कात्यायनीच्या डोंगराच्या बाजूला कळंबा तलाव बांधण्यात आला. कळंबा उंचावर आणि शहर सखल. त्यामुळे पंपावाचून, केवळ उताराने पाणी खाली आणता आले. ते येथे साठवून मग पेठांना वाटले जाई. म्हणून लोकांनी या जागेला खजिना म्हटले. पाण्याला धनाची उपमा देणारे हे नाव किती नेमके आहे!

नळाचे पाणी घराजवळ आले ही फार मोठी सोय झाली, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु तिचा एक परिणाम झाला. जोपर्यंत पेठेचे पाणी पेठेच्या तळ्यातून येत होते, तोपर्यंत गाळ काढणे, काठ नीट ठेवणे आणि घाण होऊ न देणे ही पेठेची गरज होती. गरज संपताच काळजीही संपली. मग गाळ साचला, सांडपाणी आले, डास झाले. आणि घाणेरडे डबके बुजविणे हे आरोग्याचेच काम ठरले. तळे एका दिवसात मरत नाही. प्रथम ते आपल्या रोजच्या कामातून जाते, मग नजरेतून आणि शेवटी नकाशातून.

पुढे शहर वाढले, कळंब्याचे पाणी पुरेना, नदीवरून उपसा सुरू झाला. अनेक वर्षांच्या मागणीनंतर काळम्मावाडी धरणापासून सुमारे ५३ किलोमीटरची थेट नळयोजना झाली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ते पाणी शहरात पोहोचले. पाणी पेठेतून कळंब्याला, कळंब्याहून नदीला आणि नदीवरून दूरच्या धरणाला गेले. प्रत्येक टप्प्यावर ते अधिक खात्रीचे झाले आणि प्रत्येक टप्प्यावर ते आपल्या डोळ्यांआड गेले.

उरलेली दोन

दुपारी कोटितीर्थ पाहावे. आता बंद पडलेल्या शाहू मिलजवळचे हे तळे अजून तळेच आहे. भोवती वर्दळ असूनही काठावरील देवळाशी बसले की निवांत वाटते.

संध्याकाळ अर्थातच रंकाळ्यासाठी राखून ठेवावी. येथे पूर्वी दगडाची खाण होती, तिच्यात पाणी भरून तळे झाले, असे परंपरा सांगते. शेजारी इराणी खण आहे, त्यावरून ही गोष्ट पटतेही. अलीकडील वर्षांत गणेशमूर्तींचे विसर्जन रंकाळ्याऐवजी या खणीत करण्याची पद्धत रूढ होत आहे, ही समाधानाची बाब आहे. रंकाळ्यातील संध्यामठ पाणी उतरले की दिसू लागतो. रंकाळ्याच्या नंदीविषयी एक लोकसमजूत आहे. तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो म्हणे. ज्या दिवशी तो पाण्यापर्यंत पोहोचेल त्या दिवशी प्रलय! पाहुण्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

राजघाटावरून सूर्यास्त पाहावा, चौपाटीवर भेळ खावी, पदपथावरून फेरफटका मारावा. मात्र नजर पाण्याकडेही असू द्यावी. पाण्याला हिरवा तवंग आला, केंदाळ पसरले, मासे मेले अशा बातम्या रंकाळ्याविषयी वारंवार आलेल्या आहेत. बुजलेल्या तळ्यांची सुरुवातही याच रीतीने झाली असेल. रंकाळा मोठा आहे म्हणून तो सुरक्षित आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

नदी हाच कालवा

दुसरा दिवस मिळाला तर तो शहराबाहेर घालवावा. प्रथम कसबा बावड्याचा राजाराम बंधारा पाहावा. नदीत दगडी खांब उभे, खांबांना खाचा आणि त्या खाचांत बसविलेल्या फळ्या, ज्यांना आपण बरगे म्हणतो. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. ही साधी युक्ती इतकी उपयोगी ठरली की महाराष्ट्रात कोठेही असा बंधारा बांधला तरी त्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ असेच म्हणतात.

तेथून राधानगरी गाठावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ साली भोगावतीवरील या धरणाचा संकल्प केला. १९१८ साली पैशाअभावी काम थांबले आणि महाराजांच्या पश्चात १९५७ साली ते पूर्णत्वास गेले. धरण भरले की पाण्याच्या दाबानेच उघडणारे त्याचे सात स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. या धरणाचे पाणी नदीतच सोडतात. बंधारे ते ठिकठिकाणी अडवितात आणि शेतकरी पंपाने उचलतात. कोल्हापूरला कालवा नाही, असे आरंभी म्हटले ते याच अर्थाने. आपल्याकडे नदी हाच कालवा आहे.

या कालव्याचा रागही आपण पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्याही वर. कळंब्याकडून शहरातून वाहत येणारी जयंती ही एके काळची नदी. आपण तिचा नाला केला. पंचगंगा फुगली की जयंतीचे पाणी मागे हटते आणि शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर हा सखल भाग बुडतो. व्हीनसचे व्हेनिस झाले, असा विनोद करण्याचीही त्या दिवसांत कोणाची मनःस्थिती नव्हती. पाण्याची जागा आपण घेतली की पाणी ती केव्हा तरी मागावयास येते.

पाहून काय करावे?

नेदरलँड्समधील उट्रेख्त या शहराने १९७० च्या दशकात आपला जुना कालवा आटवून तेथे मोटारींचा रस्ता केला होता. पुढे नागरिकांना ते खटकले. रस्ता उखडून कालवा पुन्हा वाहता केला, आणि २०२० साली त्यात होड्या चालू लागल्या. आपले मणिकर्णिका कुंडही त्याच वर्षी उघडू लागले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मंडई आणि स्टेडियम उकरून तळी काढावीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रंकाळा, कोटितीर्थ आणि कळंबा यांना त्या वाटेने जाऊ देता कामा नये.

आपल्या पूर्वजांनी हे भान उत्सवातून जपले होते. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की ते कलशात भरून पेठापेठांतून मिरवणुका निघतात आणि ‘पी ढबाक’च्या तालावर मुली ते पाणी डोक्यावरून टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन पायऱ्यांवर वाहतात. नदीपासून टेकडीपर्यंत पाण्याची वाट माणसे स्वतः चालतात. एका दिवसाच्या या भेटीचाही हेतू तोच आहे. इतिहासाच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या पेठेतील वृद्धांना विचारून बुजलेल्या तळ्यांचा एक नकाशा केला, तर पुढच्या पिढीच्या पाहुण्यांना तो दाखविता येईल. घराची पायरी उतरली की हे काम सुरू करता येते.