बोहल्याआधीची खानेसुमारी

दि. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापूर शहराच्या रस्त्यांवरून जी वरात निघाली तिच्यात नवरदेव पुष्कळ होते आणि नवरी एकही नव्हती. ‘ज्योती क्रांती परिषद’ या संघटनेने काढलेला तो मोर्चा होता. फेटे बांधलेले अविवाहित तरुण, काही घोड्यांवर स्वार होऊन, बँड वाजवीत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले, आणि गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी कठोरपणे व्हावी, कारण लग्नास मुलीच मिळेनाशा झाल्या आहेत, अशा आशयाचे निवेदन त्यांनी सरकारदरबारी रुजू केले. वर्तमानपत्रांना मौजेचा मजकूर मिळाला, दोन दिवस थट्टा झाली. थट्टा बाजूस ठेवून पाहिले तर त्या निवेदनात एक सांख्यिकीय विधान दडलेले होते, आणि त्याची रुजुवात करणे कोणासही शक्य होते.

गंमत अशी, की याच जिल्ह्याविषयी दुसरा एक आकडा सरकारी दप्तरात त्यापूर्वीच नमूद होऊन बसलेला होता. मुंबईत १९५६ पासून लोकसंख्याशास्त्राचे अध्ययन करणारी जी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देवनार येथे आहे, तिच्या देखरेखीखाली झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०१९ च्या उत्तरार्धात झालेल्या पाहणीत, २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के आढळले. सोलापूर जिल्ह्यात ते चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. एकाच जिल्ह्यात तिशीतल्या मुलग्याला मुलगी मिळत नाही आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला मात्र नवरा मिळतो. या दोन गोष्टी परस्परांशी विसंगत दिसतात खऱ्या. परंतु ही विसंगती आकड्यांत नसून ते एकाच दमात वाचण्याच्या आपल्या सवयीत आहे.

प्रथम मोर्चेकऱ्यांची कैफियत घेऊ. हजार मुलग्यांमागे किती मुली, हे प्रमाण सहा वर्षांपर्यंतच्या बालकांपुरते पाहिले असता महाराष्ट्रात १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ असे उतरत गेलेले दिसते. (२०११ चा तात्पुरता म्हणून प्रथम जाहीर झालेला आकडा ८८३ होता, अंतिम गणनेत तो सुधारला, पण भाषणांतून जुनाच आकडा पुढे कितीतरी दिवस फिरत राहिला.) निसर्गतःच हजार मुलग्यांमागे मुली साडेनऊशेच्या आसपास जन्मतात, म्हणून तूट मोजायची ती हजारापासून नव्हे, या साडेनऊशेपासून, हे ध्यानात घेतले म्हणजे १९९१ चा आकडा फारसा भयावह वाटत नाही आणि पुढचे दोन मात्र वाटतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांआधी, १९८८ सालीच, कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत, हेही येथे नमूद करून ठेवावे.

तथापि, २०२२ साली तीस वर्षांचा असलेला वर आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान वधू शोधतो असे धरले, तर त्याच्याशी ज्यांचे लग्न संभवत होते त्या मुली १९९६-९७ च्या सुमारास जन्मलेल्या. म्हणजे २००१ च्या शिरगणतीत बालक म्हणून मोजल्या गेलेल्या. अर्थात् त्याच्या वाट्याला आलेले प्रमाण त्या पिढीचे होते, आणि पुढे प्रमाण सुधारले तरी ते त्याच्या कामी येणार नाही. प्रत्येक पिढी आपल्या जन्मसालाचा आकडा सोबत घेऊन चालत असते. आज कायदा कितीही कडक झाला तरी त्याचे फळ वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी लग्नात दिसणार. मोर्चेकऱ्यांची मागणी न्याय्य होती, पण तिचा लाभ त्यांना स्वतःला होण्यासारखा नव्हता.

मुलींच्या टंचाईचे दुसरे एक कारण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्यात दोषी कोणी नाही. नवरा नवरीपेक्षा वयाने मोठा असावा या रूढीमुळे एका सालच्या मुलग्यांची गाठ नंतरच्या सालच्या मुलींशी पडत असते. जोपर्यंत दरसाल जन्म वाढते होते तोपर्यंत नंतरच्या सालच्या मुली संख्येने अधिक असत, आणि उपवर मुलींच्या बापांना जोडे झिजवावे लागत. पुढे जन्मदर उतरू लागला. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी २.९ च्या आसपास असलेली अपत्यसंख्या २०१९ पर्यंत १.७ वर आली. समजा, जन्म दरसाल दोन टक्क्यांनी घटत आहेत आणि वधूवरांत पाच वर्षांचे अंतर आहे. मग एकही गर्भपात न होता केवळ या अंतरापायीच दर शंभर वरांमागे वधू नव्वदच उरतात. या हिशेबात लिंगनिदानाची तूट मिळवली की वरातीत घोडे कोठून आले ते कळते.

पण एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. टंचाई सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. शंभर वरांमागे नव्वद वधू असतील तर प्रत्येक वराला नऊ-दशांश वधू मिळते असे होत नसून नव्वदांची लग्ने होतात आणि दहा मागे राहतात. आणि ते दहा कोण, हे ठरविणारी यादी गावोगाव सारखीच असते. सरकारी नोकरीवाला प्रथम, पुण्यात कंपनीत असणारा त्यानंतर, बागायतवाला त्यामागून, आणि जिराईत शेती करणारा सर्वांत शेवटी. मोर्च्यात कोण होते याची जातवार, जमीनवार फर्द कोणी तयार केली असती तर ती त्या निवेदनाहून अधिक बोलकी झाली असती, असे मला वाटते. सरासरी हा आकडा मोठा सोयीचा आहे. सर्वांना समान वागवण्याच्या नादात तो ज्याला लागले त्याचे नावच पुसून टाकतो.

आता बालविवाहाच्या आकड्याकडे वळू. वीस ते चोवीस हाच वयोगट का निवडला, असा प्रश्न कोणासही पडेल. अठरा वर्षांखालच्या मुलींना विचारून चालत नाही. आज पंधरा वर्षांची जी मुलगी अविवाहित आहे तिचे लग्न पुढच्या वैशाखात होणारच नाही याची हमी कोणी द्यावी? म्हणून जिचा तो धोक्याचा काळ पुरता सरला आहे, पण फार मागेही पडलेला नाही, तिलाच विचारणे इष्ट. याचा अर्थ असा, की २०१९ मध्ये मिळालेले उत्तर वस्तुतः २०१० ते २०१७ च्या दरम्यानच्या लग्नांविषयीचे आहे. धोक्याचा काळ सरण्याआधीच विचारण्याचा हा दोष ‘लग्नाचे सरासरी वय’ काढतानाही संभवतो. पंचविशीच्या आतल्या विवाहितांना गोळा करून त्यांच्या वयांची सरासरी काढली, तर ती नेहमी कमीच येणार, कारण ज्यांची लग्ने उशिरा व्हायची आहेत ते त्या हिशेबात अद्याप आलेलेच नसतात. जॉन हाजनल या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९५३ साली यावर तोड सुचवली: विवाहितांना त्यांचे वय विचारण्याऐवजी प्रत्येक वयोगटात अविवाहित किती टक्के उरले आहेत तेवढेच पाहावे आणि त्यावरून कौमार्यात घालवलेल्या वर्षांची सरासरी काढावी. शिरगणतीच्या कोरड्या कोष्टकांतून एका पिढीचे चरित्र काढण्याची ही युक्ती मला आजही मोहक वाटते.

आणि कायद्याचा परिणाम आकड्यांत उलटाही उमटतो. बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा १९२९ च्या सप्टेंबरात संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मधल्या सहा महिन्यांत देशभर मुलामुलींची लग्ने उरकून घेण्याची अशी धांदल उडाली, की १९३१ च्या शिरगणतीत विवाहित बालकांची संख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटण्याऐवजी वाढलेली आढळली. केवळ कोष्टक पाहणारा म्हणाला असता, कायद्यामुळे बालविवाह वाढले!

वयाविषयी आपले लोक जे सांगतात त्याचीही मौज आहे. शिरगणतीत तेवीस, सत्तावीस, एकतीस अशी वये ओस असतात आणि वीस, पंचवीस, तीस, पस्तीस येथे मात्र गर्दी लोटते. ही गर्दी मोजण्याचे व्हिपलचे मापही आहे. सर्व वये खरी सांगितली गेली तर ते १०० येते, आणि सर्वांनीच शून्य वा पाच यांवर संपणारी वये सांगितली तर ५००. म्हणून जाणता प्रगणक वय थेट न विचारता ठळक घटना विचारतो. सोलापूरकडच्या वृद्धांना १९७२ चा दुष्काळ आणि तरुणांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट, या दोन खुणा पुष्कळ उपयोगी पडतात. लग्नाच्या वयाबाबत मात्र अशी खूण नाही. तेथे कायद्याचा आकडा सर्वांना पाठ आहे, आणि ‘अठरा पूर्ण’ हे उत्तर सांगणाराच्या आठवणीतून आले की सावधपणातून, हे ताडणे कठीण. म्हणून चाळीस टक्के हा आकडा चुकीचा असलाच तर तो खालच्या बाजूला चुकलेला असण्याचा संभव अधिक.

हे सारे जिल्ह्याविषयी झाले. आता दुधनीला येऊ. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, अक्कलकोट तालुक्याच्या अगदी कडेचे हे गाव; नगरपरिषद असलेले, तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे, आणि घरात कन्नड, कचेरीत मराठी अशा दुहेरी व्यवहारात सहज वावरणारे. येथील तरुण किती वयात लग्न करतात हे कोणी विचारले, तर वर सांगितलेला चाळीसचा आकडा त्याच्या तोंडावर फेकता येणार नाही. सर्वेक्षणात दर जिल्ह्यातून सरासरी नऊशेच्या आसपास कुटुंबे निवडली जातात. त्यांत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रिया दीडशे निघाल्या असे समजू. दीडशेंवरून काढलेल्या चाळीस टक्क्यांना दोन्ही बाजूंनी सात-आठ टक्क्यांची सूट द्यावी लागते. म्हणून राज्याच्या बावीस टक्क्यांशी तुलना केली तर ती टिकते, पण शेजारच्या जिल्ह्यात सदतीस आहेत म्हणून आपण मागे आणि ते पुढे, असे अनुमान काढणे व्यर्थ. आणि त्या दीडशेंत दुधनीची एकही नसण्याचाच संभव अधिक.

मग गावानेच आपले मोजावे काय? जन्मनोंदीचे रजिस्टर नगरपरिषदेत असते, शाळेत दाखल-खारीजचे असते. परंतु लहान गावाचे आकडे लहान असतात, आणि लहान आकडे चंचल असतात. समजा, एका वर्षी दोनशे जन्म झाले. कोणीही निसर्गात हात घातला नाही तरी त्यांत मुली ८४ पासून ११२ पर्यंत कितीही असू शकतात. पहिल्या स्थितीत हजारामागे ७२४ आणि दुसरीत १,२७३. एका वर्षी गावाची निर्भर्त्सना आणि दुसऱ्या वर्षी सत्कार, असा प्रकार यातून सहज घडू शकेल, आणि दोन्ही वेळी गावाने काहीच केलेले नसेल. दहा वर्षांची नोंद एकत्र केल्यावाचून त्या रजिस्टराने तोंड उघडू नये हे बरे.

यापेक्षाही मोठी अडचण सीमेची आहे. राज्यांची कोष्टके सीमेशी थांबतात, सोयरिकी थांबत नाहीत. दुधनीची मुलगी आळंदला वा अफझलपूरला जाते, कलबुर्गीकडची सून येथे येते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत या टापूत रुळलेली असल्याने कित्येकदा वधूवरांचे आजोबा एकच असतात. अक्कलकोट संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, पलीकडचा निजामाचा मुलूख १९५६ साली म्हैसूर राज्याच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, वाट्याला गेला, पण लग्ने जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या फेरफारांची दखल घेतल्याचे ऐकिवात नाही. येथे मुलींची टंचाई आहे की नाही हे पाहायचे तर महाराष्ट्राचे एक कोष्टक आणि कर्नाटकाचे एक, असे दोन्ही शेजारी ठेवूनच पाहिले पाहिजे. द. रा. गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून पुणे आणि सोलापूर या शहरांच्या सामाजिक-आर्थिक पाहण्या केल्या. तशा सूक्ष्म नजरेने सीमेवरच्या एखाद्या बाजारगावाकडे पाहणे अभ्यासूंना अद्याप पुष्कळ काही देऊ शकेल.

२०२१ ची शिरगणती झाली नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस मुक्रर झाला आहे. २०११ च्या शिरगणतीत जी शून्य ते सहा वर्षांची होती ती मुले त्या दिवशी सोळा ते बावीस वर्षांची असतील. म्हणजे ८९४ हा आकडा ज्यांचा, ती पिढी नेमकी बोहल्याच्या पायरीशी उभी असताना पुन्हा एकदा मोजली जाईल. दुधनीत २०११ साली मोजलेल्या बालकांच्या संख्येतून २०२७ साली आढळणाऱ्या तरुणांची संख्या मुलगे आणि मुली अशी निरनिराळी वजा केली, तर मृत्यू सोडून जी तूट उरेल तिच्यात पुण्याला गेलेले मुलगे आणि सीमेपलीकडे नांदायला गेलेल्या मुली असतील, आणि आलेल्या सुना तिच्यातून पुन्हा वळत्या झालेल्या असतील. कोण कोठून आले आणि कशासाठी, हेही शिरगणतीत विचारले जाते, आणि ‘विवाह’ हे त्या उत्तरांपैकी एक असते. फक्त आलेल्यांची नोंद दुधनीच्या कोष्टकात मिळेल आणि गेलेल्यांची कलबुर्गीच्या.